निवडतानाच दुरुस्तीचा विचार: पहिला गेमिंग कॉम्प्युटर जोडणाऱ्यासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही अकोल्यात राहता, पहिल्यांदाच स्वतः गेमिंग कॉम्प्युटर जोडणार आहात, १४४०पी आणि १६५ हर्ट्झचा मॉनिटर आधीच घेतलेला आहे. यादीत रायझेन ५ ७५००एफ, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमची १६ जीबीची एक स्टिक, आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि दुकानदार कॅबिनेटसोबत देतोय तो ‘५०० वॉट’चा एसएमपीएस (सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा). शिवाय दोन शंका: सगळं जोडल्यावर डिस्प्ले आला नाही तर काय करायचं, आणि घरातला जुना कॉम्प्युटर गेम सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांत बंद का पडतो.

यादीचा पाया चांगला आहे. तरी मी त्यात चार बदल सुचवणार आहे, आणि त्यातले तीन बदल मुख्यतः वेग वाढवण्यासाठी नाहीत. बिघाड शोधायचा म्हणजे संशयित पार्ट एकेक करून बाजूला काढायचे. दुकानदाराकडे सुटे पार्ट पडलेले असतात, तो बदलून बघतो आणि मोकळा होतो. घरी तुमच्याकडे प्रत्येक पार्ट एकच असतो. त्यामुळे उद्या काही बिघडलं तर ते तुम्हाला घरबसल्या सापडेल की सगळा डबा उचलून दुकानात न्यावा लागेल, हे खरेदीच्या दिवशीच ठरून जातं. यादी करताना एफपीएस, म्हणजे सेकंदाला चित्रं, किती मिळतील हे सगळेच विचारतात. हा पार्ट गेला तर मला कळेल कसा, हेही प्रत्येक पार्टापुढे विचारा.

प्रोसेसरपासून सुरू करू. ७५००एफ आणि साधा ७६०० हे जवळजवळ जुळे भाऊ आहेत: सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॉटची जात, वेगात किरकोळ फरक. मुख्य फरक हा की ७६०० मध्ये छोटं अंगचं ग्राफिक्स आहे आणि ७५००एफ मध्ये ते नाही. इंटेलच्या ‘एफ’ लागलेल्या प्रोसेसरांचंही तेच. या छोट्या ग्राफिक्सवर गेम खेळायचे नाहीत, पण ग्राफिक्स कार्ड काढून ठेवून मदरबोर्डच्या एचडीएमआयमधून डिस्प्ले आणता येतो. डिस्प्ले येत नाही तेव्हा दोष कार्डात आहे की बाकीच्या मशीनमध्ये, याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं. कार्ड वॉरंटीला गेलं, आणि ते दोन-तीन आठवडे सहज जातं, तरी अभ्यास आणि कॉलेजचं काम थांबत नाही. भावात थोडाच फरक असेल तर ७६०० घ्या. डब्यात एअर कूलरही येतो.

यापेक्षा वरचा प्रोसेसर सध्या नको. एक्स३डी जातीचे, म्हणजे एएमडीचे जास्त कॅश मेमरी असलेले, प्रोसेसर गेमिंगमध्ये खरोखर सरस आहेत, पण १४४०पी वर या दर्जाचं कार्ड असेल तर बहुतेक गेममध्ये अडतं ते कार्डापाशी, प्रोसेसरपाशी नाही. हे प्रोसेसर ज्यात बसतात ते एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं, आणि किमान २०२७ पर्यंत ते चालू ठेवणार असं एएमडीनं जाहीर केलेलं आहे. म्हणजे दोन-तीन वर्षांनी याच बोर्डावर बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून मोठा प्रोसेसर बसवता येईल.

बोर्ड बी६५०च ठेवा, पण मॉडेल निवडताना दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे डीबग एलईडी: बोर्डाच्या कडेला सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट अशी नावं असलेले चार बारीक दिवे. मशीन जिथे अडकतं तिथला दिवा पेटून राहतो. दुसरी म्हणजे बायोस फ्लॅशबॅक: पेनड्राइव्ह लावून मागचं एक बटण दाबलं की प्रोसेसर आणि रॅम नसतानाही बायोस अपडेट होतो. जुन्या स्टॉकमधल्या बी६५० बोर्डावर ९००० मालिकेचा प्रोसेसर बसवला आणि काहीच दिसेना, अशी वेळ आली की हे बटण वाचवतं. आरजीबी, शोभेची झाकणं, वायफायचा मोठा अँटेना यांच्यावर पैसे घालण्याआधी या दोन गोष्टी आहेत का ते पाहा. स्वस्त बोर्डांमध्ये नेमक्या याच गाळलेल्या असतात.

रॅममध्ये एक स्टिक नको. एका स्टिकवर मेमरीची रुंदी निम्मी होते आणि गेममध्ये सरासरी एफपीएसपेक्षा मधले झटके जास्त जाणवतात. शिवाय एकच स्टिक असेल आणि डीरॅमचा दिवा पेटला, तर स्टिक खराब, स्लॉट खराब की प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर खराब, हे ओळखायला हातात काहीच उरत नाही. दोन असल्या की अदलाबदल करून बघता येतं. १६ जीबीच्या दोन, ६००० वेग, सीएल३० (प्रतिसादाच्या विलंबाचा आकडा), एक्सपो (रॅमचा डब्यावरचा वेग बायोसमधून चालू करायची सोय) असलेला एकाच डब्यातला जोड ही या प्रोसेसरांसाठी सगळ्यांत निवांत चालणारी जोडी आहे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढलेत. मेमरीचे कारखाने एआयच्या डेटा सेंटरांकडे वळले, त्याची झळ आपल्यापर्यंत आली. परवडत नसेल तर ८ जीबीच्या दोन घ्या आणि पुढे विकून मोठा जोड घ्या. ‘आत्ता दोन, नंतर आणखी दोन टाकू’ हा बेत मात्र डीडीआर५ मध्ये करू नका. रायझेन ७००० ला दोन स्टिकसाठी अधिकृत वेग ५२०० आहे आणि चार स्टिकसाठी ३६००. चार स्टिक भरल्या की वेग कोसळतो किंवा मशीन अस्थिर होतं, आणि मग लोक विनाकारण ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसतात.

चौथा पार्ट, ग्राफिक्स कार्ड. इथला बदल मात्र सरळ खेळण्यासाठीच आहे. १४४०पी मॉनिटरवर ८ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, २०२५ नंतरच्या मोठ्या गेमना कमी पडते. व्हीरॅम भरली की टेक्स्चर साध्या रॅममध्ये सांडतात आणि पीसीआय स्लॉटमधून ये-जा करतात. आरटीएक्स ५०६० टीआय फक्त आठ लेनवर चालतं, त्यामुळे ही ये-जा आणखी अरुंद रस्त्यानं होते. परिणाम असा की सरासरी आकडा ठीक दिसतो आणि खेळताना वळणावर चित्र अडखळतं. तेच कार्ड १६ जीबीमध्ये मिळतं, किंवा आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी घ्या. नुसतं खेळायचं असेल तर दोघांतलं जे स्वस्त मिळेल ते घ्या. बहुधा ते दुसरं असेल. ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) किंवा व्हिडिओ एडिटिंग शिकायचं असेल तर एनव्हिडियाचं घ्या, त्या सॉफ्टवेअरांचा ओढा तिकडे आहे.

एसएसडीबद्दल फार बोलायचं नाही. चौथ्या पिढीची कुठलीही नावाजलेली, पाच वर्षांची वॉरंटी असलेली १ टीबी चालेल. पाचव्या पिढीवर पैसे घालू नका, गेम उघडण्यात फरक जाणवत नाही. फक्त बोर्डाचं मॅन्युअल वाचा: काही बोर्डांवर एनव्हीएमई एसएसडीचा दुसरा एम.२ स्लॉट वापरला की एखादं साटा पोर्ट (जुन्या पद्धतीच्या डिस्कचं) बंद होतं.

आता एसएमपीएस. कॅबिनेटसोबत मिळणारा तो ‘५०० वॉट’चा डबा घेऊ नका, हे मी तुम्हाला कळकळीनं सांगतो. बाकी सगळं माझं ऐकलं नाहीत तरी चालेल. त्याच्यावरचा स्टिकर वाचायला शिका. आजचा कॉम्प्युटर जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतो. स्टिकरवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि बारानं गुणा. खऱ्या ६५० वॉटच्या एसएमपीएसवर ५४ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ६४८ वॉट. फुकटच्या डब्यावर बरेचदा १८ अँपिअर लिहिलेलं सापडतं. म्हणजे २१६ वॉट, वर ५०० लिहिलेलं असलं तरी. तुमचा प्रोसेसर पूर्ण ताणावर ८८ वॉटपर्यंत ओढतो, ५०६० टीआय १८० वॉट, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून साठ-सत्तर. बेरीज ३३०–३४० होते. शिवाय ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांसाठी आपल्या सरासरीच्या बरंच वर उसळी मारतं. ६५० वॉटचा चांगला एसएमपीएस हे सगळं आरामात सोसतो आणि पुढच्या कार्डालाही पुरतो.

‘८० प्लस ब्राँझ’ किंवा ‘गोल्ड’ हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो; आतले कपॅसिटर कसे आहेत, जास्त प्रवाह किंवा शॉर्टसर्किट झाल्यास तो वेळीच बंद होतो का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षं बघा. कंपनी सात-दहा वर्षं द्यायला तयार असेल तर तिला आपल्या मालाची खात्री आहे. पाचाच्या खाली जाऊ नका. आणि मॉड्युलर, म्हणजे सुटी करता येणारी, केबल एका एसएमपीएसच्या दुसऱ्याला कधीही लावू नका, कंपनी तीच असली तरी. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांची मांडणी ठरलेली नसते. केबल बसते नीट, आणि एसएसडी किंवा हार्ड डिस्क क्षणात जळते.

याला जोडूनच घरातली वीज. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं, ही तक्रार इतकी सर्रास आहे की लोक ती सोडून देतात. कारण असं: एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती किंचित गळती जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर साधारण निम्मा व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह फार कमी म्हणून जिवावर बेतत नाही, पण एचडीएमआय किंवा यूएसबी लावता-काढताना त्याची ठिणगी पोर्टात जाते. यूएसबी मधेच तुटणं, हेडफोनमध्ये घरघर, अधूनमधून काळा पडदा, अशा कशातच न बसणाऱ्या तक्रारी यातून येतात.

तपासणी इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरनं करून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० च्या जवळपास यायला हवेत आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्टच्या आत. जुन्या घरात अर्थची तार नसेल तर काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थची पिन जोडून देतात, मुंग्या थांबतात आणि सगळे खूश. हे होऊ देऊ नका. त्या लाइनचा न्यूट्रल मागे कुठे तुटला की तुमच्या कॅबिनेटवर थेट २३० व्होल्ट येतात, आणि हे माणूस मारू शकतं. नवीन अर्थिंगचा खड्डा करून घ्यायला येणारा खर्च एका बऱ्या कूलरच्या घरातला आहे; आधी तो करा, मग कॉम्प्युटर जोडा. दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर मशीन चालवायचं नाही, हे ओघानं आलंच.

यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटचाच असतो. मॉनिटर धरून गेमिंगमध्ये तुम्ही त्याच्या काठावर किंवा पुढे जाता. वीज गेली की यूपीएस टीऽ करतो आणि मशीनसकट बसतो. १००० व्हीएच्या वर बघा, शक्यतो साइन वेव्हचा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर त्याचं बटण ‘यूपीएस मोड’वर ठेवा. एसएमपीएस वीज गेल्यावर जेमतेम १५–२० मिलिसेकंद तग धरतो, त्याच्या आत इन्व्हर्टरनं ताबा घ्यायला हवा.

उन्हाळ्याबद्दल अकोल्याच्या माणसाला मी काय सांगावं. पण एक हिशेब लक्षात ठेवा: एअर कूलर असो की पाण्याचा एआयओ, दोन्ही पार्टाची उष्णता खोलीच्या हवेतच टाकतात. खोली २५ वरून ४० अंशांवर गेली की आतला प्रत्येक आकडा साधारण तेवढाच, पंधरानं वर सरकतो. परदेशी समीक्षेत २१ अंशांच्या खोलीत ७५ दाखवणारं कार्ड तुमच्याकडे मे महिन्यात नव्वदीला टेकेल. म्हणून जाळीचा पुढचा भाग असलेलं कॅबिनेट, पुढे दोन पंखे आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. काचेचा पुढचा भाग दिसायला सुंदर असतो, आपल्या हवेत तो नको. प्रोसेसरला मध्यम एअर कूलर पुष्कळ झाला. त्यात बिघडण्यासारखा एकच पंखा असतो आणि तो कुठल्याही दुकानात मिळतो. एआयओचा पंप बंद पडला तर आख्खा बदलावा लागतो. आणि डेझर्ट कूलरच्या थेट झोताच्या वाटेत कॅबिनेट ठेवू नका. हवेतल्या ओलाव्याचा गरम पार्टांना त्रास नाही, पण झोतासोबत उडणारे पाण्याचे तुषार आणि त्यांतला क्षार बोर्डावर बसतो.

पार्ट आले की थेट कॅबिनेटमध्ये बसवायला घेऊ नका. मदरबोर्डाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर बोर्ड ठेवा, चकचकीत पिशवीवर नाही, कारण ती वीज वाहू शकते. प्रोसेसर, कूलर, एकच रॅम स्टिक आणि एसएमपीएस एवढंच जोडा. एएम५ मध्ये नाजूक पिना सॉकेटमध्ये असतात, तिथे बोट किंवा कूलरखालची थर्मल पेस्ट लागू देऊ नका. प्रोसेसर वरून अलगद ठेवायचा, सरकवायचा नाही. कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची पातळ पट्टी काढा. ती तशीच राहिलेली मी अगणित मशीनमध्ये पाहिली आहे. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन असतील तेव्हा दुसऱ्या आणि चौथ्या. बोर्डाला दोन वीजजोड लागतात: २४ पिनांचा मोठा आणि वर डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरचा आठ पिनांचा. दुसरा विसरला की पंखे फिरतात, दिवे लागतात आणि डिस्प्ले येत नाही. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची केबल दिसायला तशीच असते, तिच्यावर पीसीआयई लिहिलेलं असतं. ती प्रोसेसरच्या जोडात जबरदस्तीनं घुसवायची नाही. मग मदरबोर्डाच्या एचडीएमआयला मॉनिटर लावा आणि पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरनं क्षणभर एकमेकींना टेकवा.

यानंतर थांबा. डीडीआर५ असलेलं एएम५ मशीन पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळणी करतं, त्याला काही मिनिटं लागतात. त्या वेळात पडदा काळा असतो, डीरॅमचा दिवा पेटलेला असतो, मधेच मशीन स्वतः रीस्टार्टही होतं. नेमकं तेव्हा घाबरून बटण दाबलं की जुळणी पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटं द्या. बायोस अपडेट किंवा बोर्डावरचा बटणासारखा सेल काढल्यानंतरही हेच होतं.

पंधरा मिनिटांनीही काही नाही, तर दिव्याकडे बघा. डीरॅमवर अडकलं असेल तर स्टिक काढून क्लिक होईपर्यंत पुन्हा दाबा, मग दुसरी स्टिक त्याच स्लॉटमध्ये, मग तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल कागदावर लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुरू झालं, तर दोष कशात होता ते तुम्हाला कधीच कळणार नाही आणि तो परत येईल. सीपीयूवर अडकलं तर आठ पिनांचा जोड, मग बायोसची आवृत्ती त्या प्रोसेसरला चालते का, आणि सगळ्यांत शेवटी प्रोसेसर काढून सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली आहे का ते टॉर्च तिरका धरून बघा. बायोसची सेटिंग बिघडल्याचा संशय असेल तर वीज काढून सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. मशीन एक सेकंद सुरू होऊन झटकन बंद होत असेल तर बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे. कॅबिनेटमध्ये बसवल्यावरच असं होत असेल तर बोर्डाखाली पितळी आधार एखादा जास्तीचा, नको त्या जागी लागलाय.

खोक्यावर मशीन चाललं की कॅबिनेटमध्ये बसवा, मग दुसरी स्टिक, मग ग्राफिक्स कार्ड. आता मॉनिटरची केबल कार्डाला लावायची. ती मदरबोर्डातच राहिली तर सगळं चालतं, फक्त गेम रडत रडत चालतात. ‘नवीन मशीन स्लो आहे’ या तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच विचारतो. त्यानंतर विंडोजमध्ये मॉनिटर १६५ हर्ट्झवर आहे की ६० वर, आणि बायोसमध्ये एक्सपो चालू केलंय का. ते केलं नाही तर ६००० ची रॅम मुकाट्यानं ४८०० किंवा ५२०० वर पळत राहते.

विंडोज ११ च टाका. १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंट खेळणार असाल तर त्याला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बायोसमधल्या सुरक्षेच्या सोयी दोन्ही चालू लागतात. बायोस अपडेट केल्यावर किंवा सेल काढल्यावर सिक्युअर बूट बंद होऊ शकतं. काल चालणारा गेम आज उघडेना झाला, तर फॉरमॅट मारण्याआधी तिथे बघा.

मशीन चालतंय पण खेळताना दगा देतंय, हा बिघाडाचा दुसरा प्रकार. इथे ते कसं मरतं याकडे बारकाईनं लक्ष द्या, निम्मं निदान त्यातच असतं. प्लग ओढल्यासारखं सगळं एकदम अंधारात गेलं तर संशय वीज, एसएमपीएस किंवा अतिउष्णता यांच्यावर. पडदा काळा, पण आवाज चालू आणि कार्डाचे पंखे पूर्ण वेगात, तर कार्ड किंवा त्याची वीजकेबल. निळा पडदा आणि त्यावर दर वेळी वेगळा कोड, तर आधी रॅम. दर वेळी तोच कोड, तर बहुधा एखादा ड्रायव्हर. फक्त एकच गेम डेस्कटॉपवर फेकत असेल आणि बाकी सगळे ठीक असतील तर हार्डवेअर उघडायची गरज नाही, गेमच्या फाइल तपासून घ्या.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की पुष्कळ जण एसएमपीएस बदलून मोकळे होतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. का, ते त्यात नसतं. ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या नोंदी मात्र गांभीर्यानं घ्या, त्या प्रोसेसर, मेमरी किंवा पीसीआय लाइनवरच्या खऱ्या हार्डवेअर चुका असतात. रॅमचा संशय असेल तर आधी एक्सपो बंद करून दोन दिवस खेळा. दोष गेला तर रॅमचा वेग कारण आहे. नाही गेला तर रात्रभर मेमटेस्ट८६ लावा. एकही चूक दिसली तरी ती स्टिक वॉरंटीला. एसएमपीएसचा संशय पैसे न घालता तपासायची पद्धत अशी: कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि गेमचे एफपीएस ६० ला बांधा. वीज कमी ओढली जाते, उसळ्या लहान होतात. तेवढ्यानं बंद पडणं थांबलं आणि तापमान आधीही ठीक होतं, तर बोट एसएमपीएसकडे जातं.

नवीन मशीनवर हा सगळा ताण पहिल्याच आठवड्यात मुद्दाम द्या, कारण तेव्हा दुकानदार पार्ट बदलून देण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. दोन-तीन तास जड गेम, अर्धा तास प्रोसेसरची चाचणी, रात्रभर मेमटेस्ट. जीएसटीचं बिल तुमच्या नावानं, शक्यतो सिरियल नंबरसह घ्या. डबा उघडताना फोनवर सलग व्हिडिओ करा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत भाव चांगला मिळेल, पण त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुम्हाला जवळ कुठे आहे, नागपुरात की थेट मुंबईत, ते घेण्याआधी विचारा.

राहिला तुमचा जुना कॉम्प्युटर. पाच-दहा मिनिटांनी बंद पडतो हीच मोठी खूण आहे. एसएमपीएस कमी पडत असेल तर बरेचदा ताण येताक्षणीच दगा मिळतो. इथे काहीतरी हळूहळू चढतंय. आधी ब्लोअरनं धूळ काढा, पण पंख्याची पाती बोटानं धरून, आणि प्रोसेसरच्या कूलरची जुनी पेस्ट पुसून नवी लावा. मग एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका, त्यात लॉग फाइल सुरू करा आणि गेम लावा. मशीन बंद पडल्यावर पुन्हा सुरू करून त्या फाइलची शेवटची ओळ बघा. प्रोसेसर १०० च्या आसपास असेल तर कूलरच दोषी: त्याची प्लॅस्टिकची पाचर सुटलेली असते किंवा पंखा अडकलेला असतो. प्रोसेसर ७० वर, कार्ड ७५ वर आणि तरीही अंधार, तर एसएमपीएस स्वतः आतून तापून बंद होतोय. त्याचा पंखा फिरतो का बघा, पण तो डबा उघडू नका, वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज राहतं.

तो एसएमपीएस नव्या मशीनमध्ये तात्पुरताही वापरू नका. जुनी साटा एसएसडी मात्र खुशाल घ्या, गेम साठवायला ती अजून पुष्कळ वर्षं चालेल.